सुई-दोऱ्याची गृहविद्या

कपडा फाटला तर त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न पूर्वीच्या मराठी घरात फारसा पडत नसे. त्याचे उत्तर ठरलेले असे. लुगडे मध्यभागी विरले म्हणजे विरलेला भाग कापून काढावयाचा आणि उरलेली दोन टोके एकमेकांस जोडावयाची. यालाच दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे नेसण्यात कोणास कमीपणा वाटत नसे. तेही जीर्ण झाले की गोधडीत जाई, आणि धावदोऱ्याच्या दाट टाक्यांनी त्या विरलेल्या कापडास पुन्हा बळ येई. शेवटी उरलेल्या चिंध्या पोतेऱ्यास. एका वस्त्राचा हा सारा प्रवास गृहिणीच्या हातातील सुईवर चाले.

सिंगापुरातील मराठी कुटुंबात आज त्याच प्रश्नाचे उत्तर बहुधा इमारतीच्या रबिश-चूटमध्ये सापडते. नॅशनल एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या आकड्यांप्रमाणे २०२१ साली या एवढ्याशा बेटावर सुमारे १ लक्ष ८९ हजार टन कापड व चामडे कचऱ्यात निघाले. त्यापैकी शेकडा चारच पुनर्वापराच्या मार्गास लागले. त्या ढिगातील कित्येक कपड्यांचे दुखणे एक निखळलेले बटण किंवा बोटभर उसवण यापलीकडे नसेल.

काटकसर हा या विद्येचा सर्वांत उघड लाभ म्हणून सांगितला जातो. परंतु येथे तोच लाभ सर्वांत दुबळा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तयार सदरा स्वस्त मिळतो आणि कधी कधी दुरुस्तीची मजुरीच त्याच्या किमतीच्या जवळ जाते. खरा लाभ निराळा आहे. ज्याने स्वतः चार कपडे शिवले, त्याला कापड वाचता येते. तो दुकानात सदरा उलटा करून पाहतो, टीप दाट आहे की विरळ हे जाणतो, आणि शिवणीच्या आत माया किती सोडली आहे हे बोटाने चाचपतो. (शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडास ‘माया’ हे नाव ज्या कोणा शिंप्याने दिले, त्याच्या रसिकतेस दाद द्यावी तेवढी थोडी!) टेक्का सेंटरच्या वरच्या मजल्यावर चोळी शिवावयास टाकणाऱ्या भगिनीला नेमके काय हवे ते सांगता येते, आणि वर्षभराने चोळी घट्ट झाली तर तीच माया घरी उकलून एका संध्याकाळी काम भागवता येते.

सुई-दोऱ्याचे मोल याच भूमीने एकदा फार कठीण काळात पाहिले आहे. १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर शेकडो युरोपीय स्त्रिया आणि मुले चांगीच्या तुरुंगात स्थानबद्ध झाली. कित्येकींचे पती सैनिकांच्या छावणीत किंवा त्याच तुरुंगाच्या दुसऱ्या भागात होते. परंतु ते जिवंत आहेत की नाहीत, हे कळण्यास मार्ग नव्हता. तेव्हा एथेल मल्व्हनी या कॅनेडियन बाईंच्या पुढाकाराने स्त्रियांनी कापडाच्या चौकोनांवर भरतकाम केले. प्रत्येकीने आपल्या चौकोनात एखादे चित्र काढावयाचे आणि आपले नाव टाक्यांनी लिहावयाचे. ६६ चौकोन जोडून एक रजई होई. रजया जखमी सैनिकांसाठी म्हणून रुग्णालयात पाठविल्या गेल्या, आणि त्यांवरील नावांनी, आपण जिवंत आहोत, एवढे सांगण्याचे काम केले. अशा तीन रजया टिकल्या. दोन कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहेत, एक ब्रिटिश रेडक्रॉसकडे. त्याच तुरुंगातील गर्ल गाइड मुलींनी जुन्या कपड्यांच्या तुकड्यांचे षट्कोन जोडून एक गोधडी केली होती. तुरुंगाबाहेरही कापडाची टंचाई एवढी की गोणपाटाचे कपडे शिवून अंग झाकणारी माणसे होती. ज्या घरात कोणास शिवता येत होते, त्या घराचे दिवस थोडे सुसह्य झाले असतील.

ही विद्या शिकवावयाची कोठे? महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास १९०९ साली सेवासदन स्थापन झाले. तेथील शिवणकामाने निराधार स्त्रियांच्या हाती स्वतःची मिळकत दिली. सिंगापूरच्या शाळांतही गृहशास्त्रात मुली शिवण शिकत. २०१४ च्या अभ्यासक्रमापासून या विषयास ‘फूड अँड कन्झ्युमर एज्युकेशन’ हे नाव मिळाले. आहार आणि ग्राहक नावातच आले, सुई मात्र मागे पडली. शाळेस दोष देण्यात अर्थ नाही, तिचे तास मोजके असतात. त्याच २०१४ साली येथे सुरू झालेल्या ‘रिपेअर कोपीत्याम’ या उपक्रमात स्वयंसेवकांनी लोकांना मोडक्या वस्तू स्वतः दुरुस्त करावयास शिकविण्याचे काम हाती घेतले. परंतु मुलांना हे पहिल्याने घरीच दिसावयास हवे. आणि ते मुलींप्रमाणे मुलग्यांनाही. ज्या भाषेच्या संतमालिकेत शिंप्याच्या कुळातील नामदेव आहेत, तिच्या बोलणाऱ्यांनी सुई हे केवळ बायकांचे काम मानावे, हे विपरीतच होय.

आरंभास यंत्र नको. दोन सुया, काळा-पांढरा दोरा आणि कात्री एवढे पुरे. बटण लावताना त्याच्यावर, टाक्यांच्या खाली, एक आगकाडी आडवी ठेवावी. टाके पुरे झाल्यावर काडी ओढून घ्यावी, बटण वर उचलावे आणि त्याच्याखाली सुटलेल्या दोऱ्यास चार-पाच वेढे देऊन गाठ मारावी. बटणास मान मिळते व काजाचे कापड आत सुखाने बसते. रफू करताना छिद्राच्या कडेस न थांबता चांगल्या कापडात थोडे आतून टाके घ्यावेत. प्रथम उभे धागे, मग त्यांतून एकाआड एक आडवे, आणि दोरा कधीही ताणू नये. मूल उंच झाले म्हणजे गणवेशाच्या विजारीची दुमड उकलावी. जुन्या घडीचा वळ दिसतो. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून त्यात भिजवलेले फडके वर ठेवून इस्त्री फिरवली तर तो पुष्कळसा जातो. तरीही राहिलाच, तर कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने त्यावरून एक सरळ टीप घालावी.