लाखाची अट आणि रत्नागिरी

राज्य मंत्रिमंडळाने १ एप्रिल २०२५ रोजी विजेवरील दुचाकी टॅक्सींना संमती दिली, हे स्वागतार्हच होय. परंतु ही सोय किमान एक लाख वस्तीच्या शहरांपुरतीच ठेवण्यात आली. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार. म्हणजे जिल्ह्याचे मुख्य ठाणे असूनही आपण वगळले गेलो! येथील रेल्वेस्थानक गावापासून दूर, कुवारबावला. अपरात्री एकट्या उतरणाऱ्या प्रवाशास बहुधा अख्खी रिक्षा करण्यावाचून गत्यंतर नसते. गरज शिरगणतीने नव्हे, अंतराने मोजावयास हवी. रिक्षावाल्यांच्या पोटाचा प्रश्न खराच. म्हणून प्रारंभी स्थानक ते शहर एवढाच मार्ग ठरावीक दराने खुला करावा. त्यासाठी सरकारने लाखाची अट शिथिल करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.