गुन्हा रक्तात नसतो

गावात घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते. पारावरची मंडळी लगेच निकाल देऊन मोकळी होतात : "त्यांच्या रक्तातच आहे ते." शिकलेसवरलेले लोकही हेच बोलतात आणि वर ‘जीन्स’चा दाखला देतात. विज्ञान असे काही सांगत नाही.

हे खूळ प्रयोगशाळेतून आलेले नाही. 1871 साली इंग्रज सरकारने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवणारा ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. तो मांडणाऱ्या स्टीफनसाहेबाचा युक्तिवाद असा, की सुतारकी, विणकाम जसे जातीत पिढ्यान्‌पिढ्या चालते, तशीच चोरीही चालते. पुरावा काय? काहीच नाही. आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियम जगाला कळायलाच 1900 साल उजाडले! तरीही 1911 नंतर हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहिली, हजेरी देत राहिली. कायदा देशभर रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 ला. शिक्का मात्र पुसला गेला नाही.

मग आनुवंशिकतेचा वाटा शून्य आहे का? नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या 14 हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास 1984 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मदाते आणि दत्तक पालक दोन्ही निर्दोष, अशा मुलग्यांपैकी 13.5 टक्के पुढे दोषी ठरले; फक्त जन्मदाते शिक्षा झालेले असतील, तर 20 टक्के. फरक आहे, पण शंभरातल्या 80 जणांवर कोणताही गुन्हा सिद्ध झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. शिवाय हा संबंध चोरीसारख्या गुन्ह्यांपुरताच दिसला, हिंसेत नाही. आणि हे फरक व्यक्तीव्यक्तींमधले आहेत. त्यावरून अख्खी जमात गुन्हेगार ठरवणे ही निव्वळ लबाडी आहे.

आणखी काही समज :

‘गुन्ह्याचा जीन सापडला.’ — ज्याचा गवगवा झाला त्या ‘एमएओए’ जीनचा मंद प्रकार युरोपीय वंशाच्या सुमारे एकतृतीयांश पुरुषांत असतो. ते सगळे तुरुंगात नाहीत.

‘जादा वाय गुणसूत्र असलेले पुरुष हिंसक असतात.’ — 1960 च्या दशकातला हा दावा पुढच्या अभ्यासांत टिकला नाही.

‘चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखता येतो.’ — इटालियन गुन्हेशास्त्रज्ञ लोम्ब्रोसोचा हा सिद्धान्त शतकापूर्वीच मोडीत निघाला.

‘गुन्हा रक्तातच असतो’ या समजाची किंमत माणसे मोजतात. महाराष्ट्रात 2003 साली घडलेल्या दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातींतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. गुन्ह्यानंतर काही दिवसांतच प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपास पोलिसांनी केलाच नाही.