निवड गुणांची की जन्ममहिन्याची?

जूनच्या अखेरीस कॅनडात वाद घालायला विषय शोधावा लागत नाही. बहुतेक वर्षी याच सुमारास नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे ‘एनएचएल’चा ड्राफ्ट असतो. ३२ संघ, सात फेऱ्या आणि २२४ खेळाडू, त्यातले बरेचसे जेमतेम अठरा वर्षांचे. ही आपली मैदानावरची हॉकी नव्हे. ही बर्फावर, पायांत स्केट्स बांधून, रबराच्या चकतीने खेळली जाते. आपल्याकडे आयपीएलचा लिलाव जसा घरोघरी चघळला जातो, तसाच तिथे हा ड्राफ्ट. फरक एवढाच की इथे बोली लागत नाही, संघ पाळीपाळीने एकेक मुलगा उचलतात. कोणाला पहिल्या फेरीत घ्यायला हवे होते, कोणाला उगाच घेतले, कोण दोन वर्षांत संघात दिसेल आणि कोण कधीच दिसणार नाही, यावर चाहते महिनोन्‌महिने भांडतात. उंची, वजन, स्केटिंगचा वेग, कनिष्ठ स्पर्धांतले गोल, सगळे तोंडपाठ असते.

या सगळ्या माहितीत एक रकाना बराच काळ कोणी वाचतच नव्हते. तो म्हणजे जन्मतारखेचा.

तो पहिल्यांदा नीट वाचला गेला १९८०च्या दशकात, अल्बर्टा प्रांतातील लेथब्रिज या गावी. रॉजर बार्न्सली हे मानसशास्त्रज्ञ पत्नी पॉला आणि मुलांसह तिथल्या कनिष्ठ संघाचा सामना पाहायला गेले होते. सामन्याच्या पुस्तिकेत खेळाडूंची माहिती छापलेली असते. ती चाळताना पॉला यांच्या लक्षात आले की जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा येत आहेत. बार्न्सली यांनी घरी येऊन आणखी याद्या तपासल्या आणि १९८५ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निवडक खेळाडूंच्या कोणत्याही गटात ढोबळमानाने ४० टक्के मुले वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली, ३० टक्के दुसऱ्या, २० टक्के तिसऱ्या आणि जेमतेम १० टक्के शेवटच्या तिमाहीतली, असा त्यांचा आडाखा होता. राशिभविष्य सांगणाऱ्यांना आनंद व्हावा असे हे आकडे. पण ग्रहांचा इथे काही संबंध नाही. कारण साधे आहे आणि ते नियमपुस्तिकेत आहे.

कॅनडात मुलांच्या हॉकीत वयोगट १ जानेवारीला बदलतो. म्हणजे २ जानेवारीला जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. दोघांमध्ये जवळजवळ बारा महिन्यांचे अंतर. चाळिशीत वर्षभराचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही, पण आठव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा असतो. या वयात मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. शिवाय मोठ्या मुलाचा एक अख्खा हिवाळा बर्फावर जास्त गेलेला असतो. गावचा प्रशिक्षक निवडक संघासाठी मुले निवडायला उभा राहतो, तेव्हा त्याला जानेवारीचा मुलगा ‘चुणचुणीत’ वाटतो आणि डिसेंबरचा ‘जरा कच्चा’. त्याच्या नजरेत खोट नसते. त्या दिवशी जानेवारीवाला खरोखरच सरस असतो. चूक होते ती पुढे. जो मुलगा निव्वळ थोरला आहे, त्याला गुणी समजले जाते. मग त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, सराव आणि सामने जास्त मिळतात, आणि दोन-तीन वर्षांत तो खरोखरच वरचढ होतो. डिसेंबरवाला तोवर दुसऱ्या खेळाकडे वळलेला असतो किंवा घरी बसलेला असतो. शास्त्रज्ञ याला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ म्हणतात. फुटबॉलमध्येही तो दिसतो आणि शाळेच्या वर्गातही.

तेराव्या-चौदाव्या वर्षी यात आणखी एक गुंता होतो. मुलगे वयात येण्याची सुरुवात नवव्यापासून चौदाव्या वर्षापर्यंत कधीही होऊ शकते आणि ते सगळे निरोगीच असतात. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण कोणाचा आधी, कोणाचा बराच उशिरा. त्यामुळे एकाच इयत्तेतल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या शरीराचे ‘वय’ दोन-तीन वर्षांनी वेगळे असू शकते. एकाला मिसरूड फुटलेली, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. हाडांच्या वाढीवरून हे शरीराचे वय अजमावता येते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढते तो याच तत्त्वावर, पण तिथला हेतू खोटे वय पकडण्याचा आहे. इथे कोणी खोटे बोललेले नाही. दाखला खरा, तारीख खरी, तरीही तुलना विषम.

ही विषमता केवळ निवडीपुरती राहिली असती तर तो खेळाच्या पानाचा विषय झाला असता. पण बर्फावरच्या हॉकीत ‘बॉडीचेकिंग’ असते, म्हणजे चकती हिसकावण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे, आणि ते नियमात बसते. अकरा-बारा वर्षांच्या मुलांत एक ३५ किलोचा आणि दुसरा ६० किलोचा असेल, आणि दोघे वेगात एकमेकांवर आदळले, तर काय होईल हे सांगायला वैद्यकाची पदवी लागत नाही. तरी ते मोजून दाखवावे लागलेच. कॅल्गरीच्या संशोधक कॅरोलिन एमरी आणि सहकाऱ्यांनी दोन प्रांतांची तुलना केली. अल्बर्टात या वयात धडक देण्यास परवानगी होती, क्युबेकमध्ये नव्हती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अल्बर्टातील मुलांना सामन्यात दुखापत होण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याचा, ज्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात, धोकाही तेवढाच वाढलेला होता. या आकड्यांवरही घमासान झाले. मुलांना लहानपणीच धडक घ्यायला शिकवले नाही तर पुढे ती लेचीपेची राहतील, हा जुन्या चाहत्यांचा आवडता युक्तिवाद. अखेर २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने या वयोगटात बॉडीचेकिंगवर देशभर बंदी घातली. अल्बर्टात त्यानंतर या वयोगटातील सामन्यांतल्या दुखापती सुमारे निम्म्यावर आल्या.

आता पुन्हा ड्राफ्टकडे. अठराव्या वर्षापर्यंत वाढीतले बहुतेक अंतर मिटलेले असते. शिवाय एनएचएलचे स्काउट हे काही गावचे हौशी प्रशिक्षक नव्हेत. वर्षानुवर्षे हेच काम करणारी, पगारी, मुरलेली माणसे. त्यांची तरी नजर साफ असायला हवी. रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमके हेच तपासले. १९८० ते २००६ या काळातील ड्राफ्ट त्यांनी घेतले आणि निवडलेल्या मुलांनी पुढे प्रत्यक्षात काय केले ते पाहिले. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुले त्यांच्या पुढील कामगिरीच्या मानाने चाळीसहून अधिक क्रमांक मागे निवडली गेली होती. साधारण सारख्याच क्रमांकावर निवडलेल्या दोघांची तुलना केली, तर ४०० सामने किंवा २०० गुणांचा टप्पा गाठण्याची शक्यता उत्तरार्धातल्या मुलाची पहिल्या तिमाहीतल्या मुलाच्या जवळजवळ दुप्पट. (हॉकीत गोल आणि गोलला दिलेला पास यांची बेरीज म्हणजे गुण.) बार्न्सली यांचा निबंध येऊन तोवर पंचवीसहून अधिक वर्षे झाली होती, पण ही तफावत काळाबरोबर कमी झाल्याचे दिसले नाही.

उदाहरण द्यायचे तर जेमी बेन याचे देता येईल. जन्म १८ जुलै १९८९. २००७च्या ड्राफ्टमध्ये १२८ मुलांची नावे पुकारली गेल्यावर, पाचव्या फेरीत डॅलस स्टार्सने त्याला घेतले. पुढे तो त्या संघाचा कर्णधार झाला, २०१४ मध्ये कॅनडाच्या ऑलिम्पिक सुवर्णविजेत्या संघात होता आणि २०१४-१५च्या मोसमात ८७ गुणांसह लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला. ड्राफ्टच्या दिवशी त्याला अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती, तो सतराचा होता. त्याच यादीतली जानेवारीत जन्मलेली मुले त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठी होती.

अर्थात उलट उदाहरणे चाहत्यांच्या खिशात तयारच असतात. सिडनी क्रॉस्बी ऑगस्टचा, तरी २००५ मध्ये पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. लुक रोबिताय फेब्रुवारीचा, तरी १९८४ मध्ये १७१व्या क्रमांकापर्यंत वाट पाहत बसला आणि कारकिर्दीत ६६८ गोल करून गेला. दोन्ही खरे. जन्ममहिना एकट्या मुलाचे भविष्य सांगत नाही. हजारो मुलांच्या निवडीत माप कोणत्या बाजूला झुकले आहे, एवढेच तो सांगतो. आणखी एक मेख म्हणजे ड्राफ्टची स्वतःची सीमारेषा १ जानेवारी नसून १५ सप्टेंबर आहे. ऑक्टोबरमध्ये जन्मलेला मुलगा त्यामुळे पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये जातो आणि तिथे चक्क वयाने मोठ्यांत गणला जातो. तरीही वर्षाच्या शेवटच्या तिमाहीतली मुले मागेच निवडली गेली. लहानपणी कपाळावर चिकटलेला ‘कच्चा’ हा शिक्का अठराव्या वर्षी आपोआप निघत नाही, असा याचा एक अर्थ लावता येतो. दुसराही एक अर्थ लावला जातो. थोरल्यांत धडपडून जी मोजकी धाकटी मुले टिकली, ती मुळातच जास्त चिवट आणि कुशल होती. हा कयास आकर्षक आहे, पण त्यात एक धोका आहे. टिकलेल्यांचे कौतुक करताना, न टिकलेली किती होती हे कोणी विचारत नाही.

ड्राफ्ट संपला म्हणून वाद संपत नाहीत. ऑक्टोबरमध्ये मोसम सुरू झाला की ‘याला बसवा, त्याला खेळवा’ सुरू होते. इथे वयाची जागा नशीब घेते. समजा एक चांगला आघाडीपटू आहे, ज्याचे दहातले एक फटके गोलात जातात. मोसमाच्या सुरुवातीला त्याने ५० फटके मारले, तर पाच गोल अपेक्षित. पण कौशल्य तसूभरही न बदलता, निव्वळ योगायोगाने, दोन किंवा त्याहून कमी गोल होण्याची शक्यता सुमारे ११ टक्के निघते. म्हणजे असे नऊ खेळाडू घेतले तर त्यांतल्या सरासरी एकाच्या वाट्याला हा दुष्काळ येतो, आणि तोवर चाहत्यांनी त्याला मोडीत काढलेले असणार. पूर्ण मोसमात २०० फटके धरले तर वीस गोल अपेक्षित, पण बारापासून अठ्ठावीसपर्यंतचा कोणताही आकडा केवळ नशिबाच्या पट्ट्यात बसतो. गेल्या वर्षी अठ्ठावीस आणि यंदा बारा गोल करणाऱ्या खेळाडूबद्दल ‘पैसा डोक्यात गेला’ म्हणण्याआधी हा हिशेब मांडायला हरकत नसावी. उत्तर अमेरिकेतील हिशेबी चाहत्यांनी तो मांडलाही. गोल नव्हे, तर गोलाकडे मारलेले सगळे फटके मोजायला त्यांनी सुरुवात केली, कारण फटके संख्येने जास्त असतात आणि त्यांत नशिबाचा वाटा कमी पडतो. या मापाला बफेलो संघाचे गोलरक्षक प्रशिक्षक जिम कोर्सी यांचे नाव मिळाले. संघांनी त्याची आधी टिंगल केली आणि २०१४च्या सुमारास त्याच हौशी मंडळींना नोकऱ्या दिल्या.

नशिबाचा भाग असा गणिताने बाजूला काढता येतो. वयाचा भाग नजरेतून काढणे मात्र फार अवघड. इंग्लंडमधील काही फुटबॉल अकादमींनी जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने घेतले. लवकर वाढलेल्यांना तिथे प्रथमच आपल्या तोडीचे प्रतिस्पर्धी मिळाले आणि उशिरा वाढणाऱ्यांना चेंडू. पण त्यासाठी मोजमाप आणि माणसे लागतात. आपल्याकडील शालेय स्पर्धाही १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांतच भरतात, आणि तालुक्याच्या क्रीडांगणावर शंभर मुलांतून अकरा निवडायला उभ्या असलेल्या क्रीडाशिक्षकांकडे एक शिट्टी आणि एक यादी असते.

नेदरलँड्समध्ये झालेला एक प्रयोग त्यांच्यासाठी उपयोगी आहे. डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात फुटबॉलच्या स्काउटांना मुलांचे सामने दाखवून गुणवत्तेनुसार क्रम लावायला सांगितले. वयाची माहिती नसलेल्या गटात अपेक्षेप्रमाणे थोरली मुले वर आली. स्काउटांच्या दुसऱ्या गटाला मुलांच्या जन्मतारखा दिल्या. तरीही थोरलीच वर आली. कागदावरची तारीख मैदानावरच्या धावत्या मुलाशी जोडायला डोक्याला सवड मिळत नव्हती. तिसऱ्या गटासाठी मुलांच्या पाठीवरचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले आणि त्या स्काउटांना तसे सांगितले. पाठीवरचा आकडा पाहताच कोण थोरला आणि कोण धाकटा ते कळू लागले, आणि थोरल्यांना मिळणारे झुकते माप दिसेनासे झाले.