कलावंताची दोन नावे

हिंगोली तालुक्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. घराण्याचा व्यवसाय शिंप्याचा. मुलाने कात्री आणि गज हाती घेऊन संसार सांभाळावा, ही आई गोणाईची व पत्नी राजाईची अपेक्षा. मुलाचे चित्त मात्र कीर्तनात. या घरगुती कलहाचे अभंग नामदेवांच्या गाथेत आहेत आणि आजच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराला ते परके वाटणार नाहीत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ज्यांच्यावर धंद्याकडे पाठ फिरवल्याचा ठपका आला, त्याच नामदेवांनी भक्तीचे रूपक रचताना गज आणि कात्री यांचाच आधार घेतला. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यांतही शिंप्याचा हा व्यवहार डोकावतो. धंदा सुटला, पण धंद्याने दिलेली दृष्टी सुटली नाही.

कलावंत आणि पोटार्थी कारागीर ही दोन निराळी माणसे आहेत, असे आज सर्रास गृहीत धरले जाते. चित्रकाराने जाहिरात रंगवली की तो ‘बाजारू’ झाला, आणि रंगवली नाही की तो ‘अव्यवहारी’ ठरला. हे दोन्ही शिक्के मारणारा समाज एकच असतो. वस्तुतः महाराष्ट्राच्या कलेचा इतिहास ही विभागणी मान्य करीत नाही.

कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. हा व्यवसाय त्यांना इतका चिकटला, की मूळ आडनाव मागे पडून ते ‘बाबूराव पेंटर’ झाले. पुढे १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट निर्माण करणारे बाबूराव ते हेच. पडद्यावरच्या दृश्याची त्यांची जाण रंगवलेल्या पडद्यांपासूनच घडत आली होती. नामदेवांची कर्मभूमी असलेल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांचीही कथा फारशी निराळी नाही. मुंबईत त्यांनी चित्रपटांचे भव्य फलक रंगवून पोट भरले, लहान मुलांच्या फर्निचरची व खेळण्यांची रचना केली. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या आरंभकाळात ते त्यात सामील झाले, तेव्हा तो हात आधीच फलकांवर तयार झालेला होता.

याच्या उलट उदाहरण मराठवाड्याच्या मातीतलेच आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी ज्या परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या परभणीत भगवान रघुनाथ कुलकर्णी नावाचे एक कारकून सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत होते. कचेरीच्या हजेरीपटावर ते कुलकर्णी होते. कवितासंग्रहांच्या व कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर ते बी. रघुनाथ होते. १९५३ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीत काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. दोन नावांनी जगणाऱ्या या लेखकाची लेखणी दिवसा सरकारी टिपणे लिहीत होती.

उपजीविकेचे हे दोन प्रकार अर्थशास्त्राच्या दृष्टीने नीट वेगळे करून पाहिले पाहिजेत. एका प्रकारात धंदा कलेच्या शेजारचा असतो. मिळकत अनिश्चित असते, गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी लागते. पण हाताचा सराव चालू राहतो आणि कौशल्याची भांडवलासारखी भर पडत जाते. दुसऱ्या प्रकारात पगार ठरलेला असतो, पण दिवसाचे उत्तम तास विकले जातात व कलेच्या वाट्याला रात्रीचा थकवा येतो. यांपैकी एक मार्ग श्रेष्ठ व दुसरा हीन, असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि ग्रामीण भागातील गरीब घरच्या मुलाला पहिला मार्गच अधिक सुलभ असतो. कारण त्याला पदवी लागत नाही, हात लागतो. प्रश्न असा आहे, की तो मार्ग आज शिल्लक आहे काय?

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ अशा गावांतून एकेकाळी ‘पेंटर’ हे मानाचे बिरूद होते. दुकानाची पाटी, ट्रकच्या मागचे नाव, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, कुटुंबनियोजनाची घोषणा हे सारे त्याच्या कुंचल्यातून उतरे. नव्या शतकात संगणकावर छापलेले फ्लेक्स आले आणि पाहता पाहता ही कामे गेली. दुकानदाराला दोष देता येणार नाही. कमी पैशांत, काही तासांत फलक मिळत असेल तर तो तेच घेणार. पेंटरही दर चौरस फुटाचाच सांगे. पण त्या दरात अक्षराचे वळण आणि रंगाची निवड यांचे मोल धरलेले असे. फ्लेक्सच्या दरात कापड आणि शाई यांचा हिशेब प्रमुख असतो. रचना बहुधा तयार साठ्यातून उचललेली असते. कोणी म्हणेल, पेंटरने संगणक शिकावा. काहींनी तो शिकलाही. परंतु चाळिशी उलटलेल्या, हातात भांडवल नसलेल्या माणसाला यंत्राचा मालक होणे सोपे नसते. तो फार तर दुसऱ्याच्या यंत्रावरचा नोकर होतो आणि त्याचे ‘पेंटर’ हे नाव मात्र गळून पडते.

यंत्र मागे फिरवता येणार नाही, हे उघड आहे. पण तुटलेली पायरी बांधून काढता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. हे पद नियमित मानधनासह खरोखर भरले गेले, तर गावातल्या हाताला काम मिळेल आणि मुलांना चित्रकला ही दहावीच्या वाढीव गुणांपुरती उरणार नाही. नगरपालिका व जिल्हा परिषद यांनी शाळांच्या, दवाखान्यांच्या भिंती रंगवण्याचे काम स्थानिक कलाकारांना वाजवी दराने द्यावे, ही मागणीही अवाजवी नाही.

राहिला प्रश्न समाजाच्या दृष्टीचा. पाटी रंगवणारा मुलगा कलावंत की कारागीर, हे ठरवण्याची घाई कोणी करू नये. शिंप्याच्या घरातील गजकात्रीच्या भाषेत ज्या जिल्ह्याने भक्ती ऐकली, त्या जिल्ह्यात तरी त्याला ही दोन्ही नावे एकाच वेळी, मान खाली न घालता, मिरवता आली पाहिजेत.