महाग बेब्लेडही का हरतो? तीन सुट्या भागांचा हिसाब

ईदीचे पैसे हातात आले की बऱ्याच घरांत एक फर्माईश ठरलेली असते: "अब्बू, नवा बेब्लेड पाहिजे." आधीचे दोन कपाटात पडलेले असतात. मुलाचं म्हणणं, "माझा सारखा हरतो, तो जुना झालाय." अब्बूंचं म्हणणं, "भोवरा तो भोवरा, त्यात नवं-जुनं काय?" दोघांच्याही बोलण्यात अर्धंच सत्य आहे. बेब्लेड हा साधा भोवरा नाही, तो सुट्या भागांतून जोडलेला भोवरा आहे. आणि तो बहुतेक वेळा हरतो तो जुना किंवा स्वस्त आहे म्हणून नाही, तर त्याचे भाग एकमेकांना साथ देत नाहीत म्हणून. हे एकदा समजलं की पैसेही वाचतात आणि मुलाच्या हातातल्या खेळण्यातून सातवी-आठवीचं विज्ञानही सहज शिकता येतं.

शंखापासून स्टेडियमपर्यंत

जपानमध्ये 'बेइगोमा' नावाचा जुना खेळ आहे. सुरुवातीला समुद्री गोगलगायीच्या शंखात वाळू भरून, वरून मेण लावून तो भोवरा बनवत. पुढे तो ओतीव लोखंडाचा झाला. पिंपावर किंवा बादलीवर जाड कापड ताणून बांधायचं, दोरी गुंडाळून दोघांनी आपापले भोवरे त्यावर सोडायचे. ज्याचा बाहेर उडाला किंवा आधी थांबला, तो हरला. आपल्याकडे भोवऱ्याला जाळी गुंडाळून जमिनीवर फेकतात आणि लोखंडी आरीवर तो फिरतो. तत्त्व तेच, फक्त आपला भोवरा अखंड लाकडाचा.

याच बेइगोमाचं नवं रूप म्हणून टाकारा या जपानी कंपनीने १९९९ मध्ये बेब्लेड बाजारात आणला. त्याच सुमारास ताकाओ आओकी यांची चित्रकथा आली आणि २००१ मध्ये कार्टून मालिका. ही मालिका आपल्याकडेही दिसली आणि गल्लीगल्लीत 'थ्री, टू, वन, लेट इट रिप' ऐकू येऊ लागलं. २००६ मध्ये टाकारा आणि टोमी या कंपन्या एक झाल्या. जपानबाहेर अनेक देशांत हे खेळणं हास्ब्रो विकते.

आजवर याच्या मुख्य पिढ्या अशा: पहिले प्लॅस्टिकचे, २००८ पासून धातूच्या चाकाचे, २०१५ पासून 'बर्स्ट' आणि २०२३ पासून 'एक्स'. वालिदैनने एक गोष्ट लक्षात ठेवावी, एका पिढीचे भाग दुसऱ्या पिढीत बसत नाहीत. घरात बर्स्टचे भोवरे असतील आणि तुम्ही एक्सचा आणला, तर त्यांची अदलाबदल होणार नाही.

तीन भाग, तीन कामं

सध्याच्या एक्स पिढीत साधारणपणे तीन भाग असतात. वरचा ब्लेड, मधला रॅचेट आणि खालचा बिट. नव्या कस्टम लाइनमध्ये ब्लेडचेही आणखी तुकडे केले आहेत, पण मूळ विचार तोच आहे.

ब्लेड हा धातूची कड असलेला सर्वांत जड भाग. टक्कर हाच घेतो. इथे नुसतं वजन पाहून चालत नाही, वजन कुठे आहे ते पाहायचं. तेच वजन मध्यापासून दुप्पट अंतरावर नेलं, तर फिरणं बदलायला होणारा विरोध चौपट होतो. विज्ञानात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. म्हणून ज्याच्या कडेला वजन सारखं पसरलेलं असतं आणि कड गोल असते, तो ब्लेड जास्त वेळ फिरतो. ज्याला मोठे दात किंवा पंख असतात तो जोरदार मारतो. पण न्यूटनचा तिसरा नियम तोही चुकवू शकत नाही. जेवढा धक्का देतो, तेवढाच परत घेतो. म्हणूनच कधी कधी हल्ला करणाराच उडून बाहेर जातो आणि मुलं म्हणतात, "चीटिंग!" चीटिंग काही नसते.

रॅचेट हा ब्लेड आणि बिट यांना जोडणारा भाग. त्याच्यावर '३-६०', '४-८०' असे आकडे असतात. मुलं ते पाठ करतात, पण अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. पहिला आकडा म्हणजे रॅचेटला बाहेर आलेले उंचवटे किती. दुसरा म्हणजे उंची: ६० म्हणजे ६ मिलिमीटर, ८० म्हणजे ८ मिलिमीटर. दोनच मिलिमीटरचा फरक, पण तो खेळ बदलतो. ६० वाला बुटका, त्यामुळे तो लवकर कलंडत नाही आणि उंच भोवऱ्याच्या पोटात मारू शकतो. ८० वाल्याचा ब्लेड वर राहतो, त्यामुळे बुटक्याचा मार कधी कधी थेट त्याच्या रॅचेटवर बसतो आणि कुलूप सुटण्याचा धोका वाढतो. उलट, समोरच्याचा ब्लेडही उंच असेल, तर बुटक्याचा नेम वाया जाऊ शकतो.

बिट म्हणजे आपल्या भोवऱ्याची आर. हा भाग सर्वांत लहान, पण चाल ठरवतो तोच. 'फ्लॅट' म्हणजे सपाट टोक. ते जमिनीला रुंद जागेत टेकतं, घर्षण जास्त होतं, म्हणून भोवरा स्टेडियमभर सुसाट पळतो आणि लवकर दमतो. 'नीडल' म्हणजे टोकदार आणि 'बॉल' म्हणजे गोल. यांचा जमिनीशी संबंध अगदी मध्याजवळ येतो. घर्षण असतंच, पण मध्यापासून त्याचं अंतर कमी असल्याने ते फिरणं फारसं अडवू शकत नाही. भोवरा एका जागी शांत उभा राहतो. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, कडेला ढकललं तर हलकं जातं, तसाच हा प्रकार आहे.

डब्यावरची भाषा वाचायला शिका

एक्सच्या पहिल्या चार भोवऱ्यांची नावं पाहा. 'ड्रॅनसोर्ड ३-६० एफ', 'हेल्ससाइथ ४-६० टी', 'विझार्डॲरो ४-८० बी' आणि 'नाइटशील्ड ३-८० एन'. जपानबाहेर यांची नावं थोडी बदलतात, म्हणजे ड्रॅनसोर्डचा 'सोर्ड ड्रॅन' होतो. पण हिशेब तोच आहे. आधी ब्लेडचं नाव, मग रॅचेटचे आकडे, शेवटचं अक्षर बिटचं: एफ म्हणजे फ्लॅट, टी म्हणजे टेपर, बी म्हणजे बॉल, एन म्हणजे नीडल.

हे चार भोवरे चार स्वभावांचे आहेत. पहिला हल्ल्याचा, दुसरा संतुलित, तिसरा दमदार आणि चौथा बचावाचा. साधारण नियम असा की हल्लेखोर दमदाराला पाडतो, दमदार बचाववाल्याला थकवतो आणि बचाववाला हल्लेखोराला दमवतो. सगळ्यांना हरवणारा भोवरा अस्तित्वातच नाही. दुकानदार "ये सबसे पॉवरफुल है" म्हणाला, तर मुलाने विचारावं, "कोणासमोर?"

स्टेडियम आणि गुण

एक्सच्या स्टेडियममध्ये कडेने एक दातेरी पट्टी असते. बिटलाही बारीक दाते असतात. भोवरा त्या पट्टीला भिडला की दात्यात दाते अडकतात आणि तो एकदम झेप घेतो. घड्याळातल्या किंवा सायकलच्या दातेरी चक्रासारखंच हे काम. मात्र ही झेप फुकट मिळत नाही. फिरण्याची ऊर्जा पुढे धावण्यात खर्च होते. दोन-तीन झेपांत समोरचा उडाला नाही, तर हल्लेखोराचं काम कठीण होतं.

गुणांची पद्धतही समजून घ्या. समोरचा आधी थांबला तर १ गुण. तो बाजूच्या खिशात गेला तर २. मार खाऊन त्याचे भाग सुटले, म्हणजे बर्स्ट झाला, तरी २. झेपेच्या जोरावर तो मधल्या एक्स्ट्रीम खिशात गेला तर ३. आधी ४ गुण करणारा जिंकतो. म्हणजे नुसता टिकून राहणारा भोवरा चार फेऱ्या जिंकेल तेव्हा सामना संपतो, हल्लेखोराला दोन चांगल्या फेऱ्याही पुरतात. पण हल्लेखोर डाव हरतोही तितक्याच पटकन. धोका पत्करायचा की सबर करायचा, हे मुलालाच ठरवावं लागतं.

आणखी एक गंमत. बहुतेक बेब्लेड वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पण काही उलटे फिरतात, उदाहरणार्थ 'कोबाल्टड्रॅगून'. दोघे एकाच दिशेने फिरत असतील, तर जिथे कडा भिडतात तिथे त्या एकमेकींच्या विरुद्ध धावत असतात, म्हणून टक्कर जोराची. दिशा उलट असतील, तर त्या जागी दोन्ही कडा एकाच बाजूला धावतात. टक्कर सौम्य होते आणि जास्त वेगाचा भोवरा दमलेल्याला आपला वेग देऊन बसतो. हरत आलेला भोवरा पुन्हा फिरू लागतो तो असा.

घरी करून पाहण्यासारखं

पुठ्ठ्याच्या १० सेंटिमीटर रुंदीच्या दोन गोल चकत्या कापा. मध्ये काडी खोचा. एकीवर एक रुपयाची चार नाणी काडीच्या जवळ चिकटवा, दुसरीवर चार नाणी कडेला, समान अंतरावर. दोन्ही फिरवून पाहा. कडेला नाणी असलेली चकती फिरवायला हाताला जड लागते, पण नीट फिरली की ती जास्त वेळ टिकते. एक नाणं मुद्दाम एका बाजूला सरकवा, चकती लगेच डगमगते. वजन सारखं, जागा वेगळी, निकाल वेगळा.

माझ्या वर्गात मी मुलांना एकच अट घालते: एका वेळी एकच भाग बदला. बिट बदलला तर ब्लेड आणि रॅचेट तेच ठेवा, लाँचर तोच, ओढणारा हातही तोच. दहा फेऱ्या खेळा, वहीत लिहा, मग बोला. दोन फेऱ्यांवरून "हा बेकार आहे" म्हणायचं नाही. वैज्ञानिक चाचणीची पद्धत हीच आहे आणि ती मुलांना पुस्तकापेक्षा इथे लवकर पटते.

आता पैशांचं गणित. एकाकडे एक भोवरा म्हणजे एकच जोडणी. घरातल्या तीन भावंडांकडे किंवा मामेभाऊ-चुलतभावांकडे एक्सचे एकेक असे तीन वेगळे भोवरे असतील आणि त्यांनी भाग वाटून घेतले, तर ३ ब्लेड, ३ रॅचेट, ३ बिट, म्हणजे ३ × ३ × ३ = २७ जोडण्या होतात. चौथा मित्र आला तर ६४. नवा डबा आणण्याआधी या जोडण्या करून पाहायला सांगा. वाटून घेणाऱ्याचाच खेळ इथे मोठा होतो.

खरेदी आणि सुरक्षितता

बाजारात नकली बेब्लेड भरपूर आहेत. हलका धातू, खरबरीत कडा, नीट न बसणारं कुलूप ही त्यांची लक्षणं. कुलूप ढिलं असेल, तर भाग टक्करीत सुटून तोंडावर येऊ शकतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं बंधनकारक आहे. डब्यावर ते आहे का, हे आधी पाहा.

खेळताना चेहरा स्टेडियमवर वाकवू नका, डोळ्यांना मार बसू शकतो. परातीत, ताटात किंवा फरशीवर धातूचा भोवरा सोडू नका. फरशीची कपची उडते आणि भोवराही कुठेही जातो. बिट इतका लहान असतो की घरातलं रांगतं बाळ तो तोंडात घालू शकतं, त्यामुळे खेळ संपला की भाग मोजून डब्यात ठेवायची सवय लावा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बेइगोमामध्ये हरणाऱ्याचा भोवरा जिंकणाऱ्याने ठेवायचा, अशीही रीत होती. आपली मुलंही कधी कधी "हरलास तर बिट माझा" अशी शर्त लावतात. तिथे खेळ संपतो आणि जुगार सुरू होतो. भाग उसने द्यायचे, खेळायचे आणि संध्याकाळी ज्याचे त्याला परत करायचे, हा नियम पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

पुढच्या वेळी मूल म्हणालं, "माझा हरतो, नवा आणा," तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "कसा हरतो? आधी थांबतो, बाहेर उडतो, की सुटतो?" आधी थांबत असेल तर बिट बदलून पाहा. सुटत असेल तर कमी उंचीचा रॅचेट लावून पाहा. बाहेर उडत असेल तर सपाट टोकाऐवजी टोकदार किंवा गोल बिट लावा. तरीही हरला, तर वहीत लिहा आणि पुढची जोडणी करा. खरेदीचा विषय त्यानंतर.