जादूची किंमत : ‘फायनल फॅन्टसी’तल्या स्फटिकांची कूळकथा

१८ डिसेंबर १९८७ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी ‘फायनल फॅन्टसी’ नावाचा खेळ विक्रीला आला. कंपनी स्क्वेअर, कर्ताकरविता हिरोनोबू साकागुची. खेळ सुरू होतो तेव्हा जगाची घडी विस्कटलेली असते. वारा पडलाय, समुद्र खवळलाय, जमीन सडत चाललीय. अशा वेळी चार योद्धे एका राज्याच्या वेशीवर येऊन उभे राहतात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक काळवंडलेला स्फटिक असतो : पृथ्वी, अग्नी, जल आणि वायू. पंचमहाभूतं ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला इथे आकाश तेवढं गाळलेलं दिसेल. बाकी मांडणी ओळखीची वाटावी अशीच आहे. लिच, मॅरिलिथ, क्राकेन आणि टियामॅट हे चार असुर या तत्त्वांचं तेज शोषून बसलेले असतात. एकेक असुर पडतो, तसतसा एकेक स्फटिक पुन्हा उजळतो.

गंमत अशी की या पहिल्या खेळात स्फटिक खेळाडूला जादू देत नाही. मंत्र गावातल्या दुकानात नाणी मोजून विकत घ्यावे लागतात. स्फटिक फक्त जगाची प्रकृती दाखवतो. तो काळा असेल तर जग आजारी, उजळला तर जग बरं.

तेव्हापासून २०२३पर्यंत या मालिकेचे १६ मुख्य भाग आले. बहुतेक भागांत जग नवं, माणसं नवी, इतिहास नवा. मागच्या भागातून पुढे येतात त्या काही खुणा : चोकोबो नावाचे पिवळे पक्षी, सिड नावाचा कुणीतरी यंत्रज्ञ आणि स्फटिक. या सगळ्या स्फटिकांचे रंग-आकार नोंदवणाऱ्या याद्या पुष्कळ आहेत. मला त्यांच्यातला फरक वेगळ्या ठिकाणी दिसतो. बहुतेक भागांत स्फटिकाच्या रूपाने एकच प्रश्न नव्याने विचारला जातो : ही जादू येते कुठून, आणि तिची किंमत कोण मोजतं? मालिका जसजशी वयात आली, तसतशी या प्रश्नाची उत्तरं कठोर होत गेली. शेवट सांगितल्याशिवाय हा विषय मांडता येत नाही, तेव्हा पुढे काही कथांचे शेवट उघड होतील.

दुसरा भाग साम्राज्याविरुद्धच्या बंडाचा. तिथे स्फटिक कथेच्या केंद्रात नाहीत. १९९०च्या तिसऱ्या भागात स्फटिक पहिल्यांदा देता झाला. भूकंपाने उघडलेल्या गुहेत अनाथ पोरं पडतात, तिथला वायू-स्फटिक त्यांची निवड करतो आणि त्यांना नवे पेशे बहाल करतो : योद्धा, भिक्षू, पांढरी जादू करणारा, काळी जादू करणारा. इथे एक सूक्ष्म विचारही आहे. अंधार वाईट आणि प्रकाश चांगला, असं हा खेळ मानत नाही. पूर्वी एकदा प्रकाशाचाच पूर आला होता आणि जग वाचवायला अंधाराचे चार योद्धे धावून आले होते, असं त्यात सांगितलं जातं. चौथ्या भागात (१९९१) स्फटिक राज्याराज्यांची मालमत्ता होतो. पहिल्याच प्रसंगात बॅरन राज्याचा सेनानी सेसिल राजाज्ञेवरून मिसिडिया गावावर चाल करतो, प्रतिकार न करणाऱ्या जादूगारांना मारून जल-स्फटिक घेऊन येतो आणि परतीच्या वाटेवर त्याचं मन त्याला खाऊ लागतं. चार स्फटिक भूपृष्ठावर, चार पाताळात. ते गोळा करायची स्पर्धा म्हणजे ही कथा. स्फटिक काय करतो यापेक्षा तो कुणाच्या ताब्यात आहे याला इथे महत्त्व आहे.

खरं वळण पाचव्या भागात, १९९२मध्ये आलं. आरंभीच वायू-स्फटिक फुटतो आणि वारा थांबतो. शिडाची जहाजं जागच्या जागी अडकतात. चालतं ते फक्त फारिस या चाच्याचं जहाज, कारण ते सिल्ड्रा नावाचा सागरी ड्रॅगन ओढत असतो. मग एकामागून एक उरलेले स्फटिकही फुटतात. त्यामागे एका दुष्ट शक्तीचा हात आहे, पण माणसांचाही आहे. स्फटिकांची ताकद वाढवून वापरणारी यंत्रं माणसांनी बसवली होती. कारनाक राज्यात अग्नी-स्फटिकावर यंत्र चढवून आगीवर चालणारं जहाज केलं होतं. ते यंत्र बनवणारा सिडच स्फटिक तडकणार म्हणून कळवळून सांगत असतो आणि सत्ता त्याचं ऐकत नाही. विशेष म्हणजे यंत्रं कुणाचं वाईट करायला बसवली नव्हती, लोकांचं जगणं सुखाचं व्हावं म्हणूनच बसवली होती. १९९२च्या एका करमणुकीच्या खेळात नैसर्गिक साधनांच्या उपशाचा हा विचार इतका स्वच्छ यावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आणि मालिकेतली सगळ्यांत लाडकी पेशा-पद्धतही या मोडतोडीतूनच निघते. फुटलेल्या स्फटिकांचे तुकडे वेचले की त्यांतून जुन्या वीरांची कौशल्यं मिळतात. नवा पेशा मिळाल्याचा आनंद व्हावा, तर तो एका नाशाच्या पोटी आलेला असतो.

सहाव्या भागाने (१९९४) हा विचार निसर्गाकडून देहाकडे नेला. इथल्या स्फटिकाचं नाव मॅजिसाइट. एस्पर हे जादूमय जीव मेले की मागे जे उरतं ते मॅजिसाइट. गेस्टाल सम्राटाचं साम्राज्य सुरुवातीला एस्परांना जिवंत कोंडून त्यांची शक्ती उपसतं. वेक्टर शहरातल्या त्या कारखान्यात पिळून झालेले इफ्रिट आणि शिवा टाकाऊ माल म्हणून खाली फेकून दिलेले असतात. (या मालिकेतली शिवा ही बर्फाची देवी आहे, तिसऱ्या भागापासून हे भारतीय नाव एका स्त्रीरूपाला मिळालं आहे.) ते आधी आपल्यावर चालून येतात. मग आपल्याजवळ त्यांच्या भावंडासारख्या रामूचं मॅजिसाइट आहे हे त्यांना जाणवतं, आणि मरताना ते स्वतःलाही आपल्या हाती सोपवतात. त्याआधी झोझो गावात रामूने स्वेच्छेने असंच देहदान केलेलं असतं. मेलेल्या एस्परची शक्ती जिवंतपणी उपसलेल्या शक्तीपेक्षा कितीतरी मोठी, हे साम्राज्याला कळतं तेव्हा संहाराला ऊत येतो.

खेळताना मॅजिसाइट पात्राला जोडायचं आणि लढत राहायचं. हळूहळू त्यातले मंत्र पात्राला कायमचे येतात. कोणता मंत्र किती वेगाने येणार, हे त्या त्या एस्परवर ठरतं. म्हणजे मृताकडून विद्या घ्यायची. साम्राज्य जे हिसकावून घेतं, तेच आपण दान म्हणून घेतो, आणि त्या दोन्हींतला फरक केवळ संमतीचा आहे. शेवटी खलनायक केफ्का पडतो आणि जगातली जादूच संपते. मॅजिसाइट एकेक करून विरतं. अर्धी माणूस, अर्धी एस्पर असलेल्या टेराचं आता काय होणार, हा त्या शेवटाचा गळा दाटवणारा प्रश्न आहे.

सातव्या भागाची (१९९७) पार्श्वभूमी समजून घ्यायला साकागुचींच्या आयुष्यातली एक घटना लक्षात ठेवावी लागते. तिसऱ्या भागाचं काम चालू असताना त्यांची आई गेली, आणि तेव्हापासून जीवन म्हणजे काय याचा विचार आपण करत राहिलो, असं त्यांनी सांगितलं आहे. सातव्या भागात त्या विचाराला जीवनप्रवाहाचं रूप मिळालं. जे जे मरतं ते ग्रहाच्या पोटातल्या या प्रवाहात मिसळतं आणि त्यातूनच नवा जीव येतो. शिन्रा कंपनी हाच प्रवाह अणुभट्टीसारख्या यंत्रांनी उपसून मिडगार शहराला वीज पुरवते. त्या उपशाचं इंधन म्हणजे माको, आणि माको घट्ट गोठलं की होतो मटेरिया. पूर्वजांचं ज्ञान त्यात साठलेलं असतं, म्हणून त्यातून जादू करता येते. शिन्राविरुद्ध लढणाऱ्या बॅरेटचं गाव कोरेल कोळशाच्या खाणींवर जगणारं होतं. माकोची भट्टी आली आणि गाव जळून गेलं.

मटेरिया शस्त्रात आणि कवचात कोरलेल्या खाचांत बसवायचा. हिरवा मंत्रांचा, लाल महाशक्तींना बोलावण्याचा, पिवळा विशेष कृतींचा, निळा दुसऱ्याला जोड देणारा, जांभळा एकट्याने परिणाम करणारा. दोन खाचा जोडलेल्या असल्या की निळा शेजारच्या हिरव्याचं रूप पालटतो आणि एकाच शत्रूवर चालणारा मंत्र सगळ्यांवर चालू लागतो. मटेरिया वापराने वाढतो आणि पूर्ण वाढला की नव्या मटेरियाला जन्म देतो. हिरवे मटेरिया अंगावर चढवले की जादूची ताकद वाढते, पण पात्राचं बळ आणि आयुष्य थोडं घटतं. किमतीचा प्रश्न इतक्या बारकाईने आकड्यांत उतरलेला क्वचितच दिसतो.

तरीही इथे माझी एक तक्रार आहे. शिन्राविरुद्ध लढणारी आपली मंडळी ग्रहाचा तोच गोठलेला प्राण शस्त्रांत खोचून फिरतात, आणि खेळ त्यांना याबद्दल जवळजवळ काहीच विचारत नाही. सहाव्या भागात निदान संमतीचा आधार होता. इथे आपण दुकानात जाऊन मटेरिया विकतो, तोही चांगल्या भावाने.

आठव्या आणि दहाव्या भागांत जादूची घडण वेगळीच आहे, त्यांना इथे बाजूला ठेवतो. नवव्यात (२०००) स्फटिक सगळ्या जिवांचं आणि स्मृतींचं मूळ ठरतो. आत्मे तिथून येतात आणि तिथेच परततात. इफा नावाचा वृक्ष ही परतीची वाट अडवतो, आणि त्या अडवणुकीतून जे धुकं बाहेर पडतं त्यावर विमानजहाजं उडतात. अकराव्या भागात, २००२च्या त्या ऑनलाइन जगात, स्फटिक रोजच्या व्यवहारात आला : लढाईत मिळालेला अग्नी-स्फटिक वापरून कुणी स्वयंपाक करतो, कुणी धातू घडवतो आणि हजारो खेळाडू त्यांची लिलावघरात बाराबाराच्या गठ्ठ्यांनी खरेदी-विक्री करतात. चौदाव्या भागातही कारागिरीला स्फटिक लागतात, आणि तेच स्फटिक वापरून छळलेल्या जमाती आपले देव प्रत्यक्षात उतरवतात.

बाराव्या भागात (२००६) स्फटिकाचं राजकारण परत आलं, आणि चौथ्यापेक्षा कितीतरी परिपक्व होऊन. आकाशशिळांच्या बळावर जहाजं उडतात, पण ‘जाग्ड’ म्हटल्या जाणाऱ्या प्रदेशांत त्या निकामी होतात, त्यामुळे सीमा आणि सैन्यांच्या वाटा त्यावर ठरतात. सगळ्यांचं लक्ष असतं नेथिसाइटवर. रेथवॉल राजाने सूर्यस्फटिकातून कापलेले तीन तुकडे, आणि त्यांतल्या एकाने नाबुदिस शहर क्षणात बेचिराख केलेलं. ते करणारा न्यायाधीश झेक्ट पुढे रेडास नावाने पश्चात्तापात जगतो. आर्केडिया साम्राज्यात डॉक्टर सिड प्रयोगशाळेत कृत्रिम नेथिसाइट बनवत असतो. राज्य गमावलेल्या ॲशे राजकन्येसमोर तलवार आणि सूर्यस्फटिक दोन्ही येतात : सूड घ्यायला नवा तुकडा काप, किंवा सोडून दे. ती नकार देते. स्फटिक फोडायला पुढे होतो तो रेडास, आणि त्यात त्याचा जीव जातो. अण्वस्त्राचा अनुभव घेतलेल्या देशातल्या लेखकांनी हे लिहिलं आहे, हे वाचकाने आठवावं.

तेराव्या भागात (२००९) तर माणूसच स्फटिक होतो. देवसदृश फाल्सी ज्याच्यावर खूण उमटवतात, त्याला एक काम नेमून दिलेलं असतं. ते पुरं केलं तर चिरंतन स्फटिक व्हायचं, नाही केलं तर विद्रूप पिशाच्च. दोन्हीकडे माणूस हातचा जातोच. नायिका लायटनिंगची बहीण सेरा हसत स्फटिक होते, आणि तिचा वाग्दत्त वर स्नो तिच्या अश्रूचा स्फटिक जपून ठेवतो.

सोळावा भाग (२०२३) या सगळ्या प्रवासाचा हिशेब करायला बसतो. त्यातल्या व्हॅलिस्थिया या भूमीत स्फटिकांचे डोंगर आहेत. त्यांना मातृस्फटिक म्हणतात आणि राज्यं त्यांच्या सावलीत उभी आहेत. त्यांचे तुकडे घरोघरी चूल पेटवतात, पाणी देतात. काही माणसांना स्फटिकाशिवायच जादू करता येते, आणि म्हणूनच त्यांना गुलाम करून गालावर डाग दिले जातात. जितकी जादू करून घ्यावी तितकं त्यांचं अंग दगड होत जातं. शिवाय मातृस्फटिक भूमीचं सत्त्व शोषतात, म्हणून ओसाडी पसरत चाललीय. सिड आणि नायक क्लाइव्ह ठरवतात की मातृस्फटिक फोडायचे.

पहिल्या भागात स्फटिक वाचवला की जग वाचत होतं. इथे जग वाचवायला तो फोडावा लागतो. पण खेळ त्या निर्णयाचं ओझं लपवत नाही. ओरिफ्लेम शहराचा मातृस्फटिक फुटल्यावर तुकड्यांचा पुरवठा आटतो आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्याच गुलामांवर कामाचा भार वाढतो, कारण आता चूल त्यांनाच पेटवायची असते. गावोगाव फिरताना हे संवादांतून, छोट्या मोहिमांतून कानावर येत राहतं. सहाव्या भागात जादू अखेरच्या क्षणी सगळ्यांचीच एकदम गेली होती, त्यामुळे जादूवाचून लोक जगले कसे, हे दाखवायची वेळच आली नव्हती. सोळाव्याने ती मधली वर्षं कथेत घेतली. क्लाइव्हला शिव्या देणारे गावकरी तिथे आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.