पाकिटातला नाश्ता: आकडे खरे, पण कशाचे?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने नाश्त्याच्या पाकिटावर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण एखादी गोष्ट आपण कशाच्या आधारावर खरी मानतो, हा तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न आहे. पालघर-बोईसरच्या दुकानात पाकीट उलटंसुलटं करून पाहणाऱ्या माणसापुढे रोज सकाळी तोच प्रश्न असतो.

आपल्या भागाचा दिवस लवकर सुरू होतो. तारापूर औद्योगिक वसाहतीतली रासायनिक, औषधी, कापड आणि पोलादाची कारखानदारी पाळ्यांवर चालते. सफाळे, केळवे रोड, उमरोळी, वाणगावहून माणसं भल्या पहाटे निघतात. इतक्या सकाळी घरात चूल पेटेलच असं नाही. मग गरम पाणी ओतलं की तयार होणारा पोह्यांचा किंवा उपम्याचा कप, गोठवलेला पराठा, नाहीतर रॅप. अमेरिकेत याच गरजेतून गोठवलेला बरिटो घरोघरी गेला. बरिटो म्हणजे मैद्याच्या पोळीत अंडं, बटाटा, राजमा, चीज यांची गुंडाळी. नाव परकं असलं तरी प्रश्न आपलाच आहे: या पाकिटातून पोटात नेमकं काय जातं?

न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत. त्यातली तीन आज आपल्याला पुरतील: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. पाकिटाच्या बाबतीत प्रत्यक्ष फारसं कामाला येत नाही. मीठ जिभेला थोडंफार कळतं, पण प्रथिनं किती ते जीभ सांगत नाही. म्हणून आपण शब्दावर, म्हणजे छापील मजकुरावर विसंबतो. पण नैयायिकांची अट अशी की शब्द आप्ताचा हवा. आप्त म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तो आहे तसाच सांगू इच्छितो. पाकिटाची दर्शनी बाजू विकण्यासाठी असते. मागची बाजू कायद्याने लिहायला लावलेली असते. दोन्हींना सारखंच आप्त मानून चालणार नाही.

दर्शनी बाजूवर 'मल्टिग्रेन', 'घरगुती चव', 'पौष्टिक सुरुवात' असे शब्द दिसतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना 'हेल्थ ड्रिंक' या गटातून पेयं काढायला सांगितलं. कारण काय? अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. ज्या शब्दाला व्याख्या नाही, तो खोटाही ठरवता येत नाही, आणि त्यावर कुणाला धरताही येत नाही.

आता पाकीट उलटं करू. घटकांची यादी उतरत्या प्रमाणात द्यावी लागते. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. इथे अनुमान कामाला येतं. पुढे नाचणीचं चित्र आहे आणि मागे यादीत मैदा पहिला, नाचणी सहावी, तर आपण खातोय तो मैदाच.

त्याखाली पोषणाचा तक्ता. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार दर १०० ग्रॅमचे आकडे, आणि एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा मिळतो, ते द्यावं लागतं. दिवसाची गरज धरली आहे ती अशी: २००० किलोकॅलरी, एकूण स्निग्ध ६७ ग्रॅम, संपृक्त स्निग्ध २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ.

आता गणितापुरता एक कप घेऊ. कोरडं मिश्रण ८० ग्रॅम, सोडियम दर १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम, आणि सर्व्हिंग लिहिलंय ४० ग्रॅम. एका सर्व्हिंगमध्ये ३६० मिलिग्रॅम, म्हणजे १८ टक्के. वाचणारा म्हणतो, ठीक आहे की! पण अर्धा कप उपमा खाऊन कामावर कोण उभं राहतं? पूर्ण कपात ७२० मिलिग्रॅम, म्हणजे ३६ टक्के. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, ते झालं १.८ ग्रॅम. दिवसाच्या मिठातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग सकाळीच संपला. दुपारचं जेवण, लोणचं, पापड, रात्रीचं कालवण अजून बाकी आहे. १८ हा आकडा खोटा नव्हता. तो आपण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होता.

दुसरी अडचण पाण्याची. शेजारच्या गोठवलेल्या रॅपवर सोडियम दर १०० ग्रॅमला ४५० मिलिग्रॅम लिहिलंय असं समजू. ९०० च्या निम्मं, म्हणून तो बरा वाटतो. पण उपम्याचा आकडा कोरड्या मिश्रणाचा आहे. ८० ग्रॅममध्ये १६० ग्रॅम पाणी पडलं की २४० ग्रॅम उपमा होतो, आणि त्यात दर १०० ग्रॅमला सोडियम उरतं ३०० मिलिग्रॅम. रॅपमधलं पाणी आधीच वजनात धरलेलं असतं. म्हणजे जो कमी खारट वाटला, तोच जास्त खारट निघाला. तुलना करायची तर ताटात येणाऱ्या पदार्थाची करावी.

साखरेचंही तसंच. घोलवडच्या चिकूच्या सुक्या फोडींवर 'एकूण साखर' बरीच दिसेल, कारण ती फळातलीच आहे. 'वरून घातलेली साखर' ही ओळ वेगळी वाचायची.

आणि प्रथिनं? गरजेच्या त्या यादीत प्रथिनं नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांचे ग्रॅम तक्त्यात असतात, पण टक्के आपल्यालाच काढावे लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे तीन वेळचं जेवण धरलं तर सकाळी १६-१७ ग्रॅम.

याच मापाने घरचे पोहेही मोजू, नाहीतर तो पक्षपात होईल. ५० ग्रॅम पोह्यांत सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिनं, २० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पाच. दोन चमचे तेल धरून ३८० च्या आसपास कॅलरी, पण प्रथिनं साडेआठच. घरचं म्हणून पुरेसं, हेही अनुमान चुकीचंच. सोबत एक अंडं घेतलं की सहा ग्रॅम वाढतात. सातपाटीच्या सुक्या जवळ्याची चटणी, मोड आलेले वाल, वाटीभर दही, हे सगळं त्याच कामाचं. कपातल्या उपम्यावरही मूठभर शेंगदाणे टाकता येतात. घरच्या नाश्त्याचा खरा फायदा एवढाच की मीठ आपल्या हातात असतं. आणि स्टेशनाबाहेरच्या वडापावला तर लेबलच नाही. पाकीट निदान बोलतं तरी, त्याला प्रश्न विचारता येतो.

पण पहाटेची गाडी पकडणाऱ्याने हे त्रैराशिक मांडत बसावं का? नाही. म्हणूनच पुढच्या बाजूला ठळक खूण असावी अशी मागणी आहे. चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, संपृक्त स्निग्ध किंवा कॅलरी असलेल्या पदार्थांवर काळा अष्टकोन लावला. आपल्या प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात तारे देण्याची पद्धत सुचवली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी करायला सांगितलं.

तारा आणि अष्टकोन यांत विचाराचा फरक आहे. तारा बेरीज-वजाबाकी करतो: तंतू चांगले म्हणून मीठ माफ. अष्टकोन एकेका दोषाचं नाव घेतो. ज्याचा रक्तदाब चढलेला आहे त्याला सरासरी नको असते, मीठ किती ते हवं असतं. गुण दोषाला झाकू शकतो, पण शरीरात मीठ मीठच राहतं. म्हणून आपला कौल नाव घेऊन सांगणाऱ्या खुणेला आहे.

ती खूण येईपर्यंत तीन गोष्टी लक्षात ठेवू. यादीतला पहिला घटक कोणता? पूर्ण पाकिटाचं सोडियम किती? प्रथिनं किती ग्रॅम? एवढ्याला अर्धा मिनिट लागतो, आणि गाडी चुकत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.